स्पंज फेकणार नाही

दातांच्या दवाखान्यात मावशी अठरा वर्षं कामाला होत्या. अवजारं उकळायची, फरशी पुसायची आणि बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी सांभाळायची. डॉक्टरीणबाईंना घाबरून भोकाड पसरणारी पोरं त्या टाकीपाशी गप्प व्हायची.

बाईंचे जावई कारभार बघायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी टाकीचा फिल्टर उघडायला लावला. आतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज बघून नाकाला रुमाल लावला.

"शी! हा दवाखाना आहे. फेका सगळं. नवीन मागवलंय."

"साहेब, माशांच्या घाणीचं विष पचवणारे जंतू राहतात त्यात. मी धुते की महिन्याला. बादलीत औषध घालून पाण्यातलं क्लोरीन मारते, मग त्यात पिळते. नुसता नळाखाली धरला तर जंतू मरतात."

"दवाखान्यात जंतू पाळता?" जावई हसले. "मला शिकवू नका. फेका म्हटलं ना!"

मावशींनी टाकीचंच पाणी बादलीत घेतलं, स्पंज त्यात बुडवला आणि थेट घरी नेऊन आपल्या छोट्या टाकीत ठेवला.

"हे काय उचलून आणलंस?" नवऱ्याने विचारलं.

"कचरा. कुठे फेकायचा ते माझं मी बघीन."

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातले मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते. एक आडवा झाला होता. जावई टाकीभोवती घिरट्या घालत होते. "फिल्टर तर नवाकोरा आहे!"

मावशींनी अर्धं पाणी उपसलं, औषध घातलेलं भरलं, धावतपळत घरून बादली आणली आणि जुना स्पंज परत बसवला. आडवा झालेला मासा वाचला नाही. बाकीचे अकरा हळूहळू सावरले.

दोन दिवसांनी जावयांनी कागद पुढे सरकवला. आदेश मोडल्याबद्दल माफीनामा. सही करायची.

मावशींनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. 'माफी' या शब्दावर काट मारली. खाली लिहिलं, 'आदेश मोडला. पुन्हा दिलात तर पुन्हा मोडीन.' आणि सही ठोकली.

"हे चालणार नाही, मावशी."

"मग काढा मला. फक्त टाकी कोण बघणार ते सांगा. त्याला स्पंज धुवायला शिकवते आणि जाते."

जावयांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

पुढच्या महिन्यात मावशींनी बादली मोरीत नेलीच नाही. पेशंट बसले होते त्या खोलीत, अगदी मधोमध ठेवली आणि सगळ्यांच्या देखत स्पंज पिळला.