टूलबारचं पान

ऑफिसात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. पूर्वी नऊ वर्षं ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि अजूनही मीटिंगमध्ये कुणी कुजबुजलं की तिची मान आपोआप तिकडे वळायची. आता ती एका लहानशा कंपनीत माहितीपुस्तिका लिहीत होती. कंपनी एक लायब्ररी बनवायची. पुस्तकांची नव्हे; खिडक्या, बटणं, मेनू, याद्या असं तयार सामान, जे घेऊन इतर प्रोग्रामर आपापली सॉफ्टवेअर बांधतात. प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तो बाजारातल्या तिन्ही जातींच्या कंप्युटरांवर चालायचा, याचा कंपनीला फार अभिमान. आत शिरल्याशिरल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेलं: ‘तिन्हीकडे सारखं.’

सोमवारी साहेब तिच्या टेबलापाशी आले. “नवी आवृत्ती येतेय. टूलबारचं पान तेवढं नीट करून टाका. दोन दिवसांचं काम आहे.”

टूलबार म्हणजे खिडकीच्या वरच्या कडेला चित्रांच्या बटणांची पट्टी असते ती. एवढीशी गोष्ट, दोन दिवसही खूप झाले, असं तिलाही वाटलं. तिने जुनं पान उघडलं. नऊ ओळी होत्या. पहिली ओळ, ‘टूलबार दाखवण्यासाठी टूलबार वापरावा.’ बाकीच्या आठ याहून फारशा शहाण्या नव्हत्या.

तिने नमुना म्हणून पाच बटणांचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या कंप्युटरवर पाची बटणं ऐटीत उभी राहिली. दुसऱ्यावर राखाडी रंगाची रिकामी पट्टी. तिने प्रोग्राम पुन्हा वाचला, पुन्हा चालवला, कंप्युटर बंद करून चालू केला. दुपारपर्यंत पट्टी रिकामीच. शेवटी ती दाढीकडे गेली; दाढीवाल्या त्या प्रोग्रामरला ऑफिसात सगळे याच नावाने हाक मारत.

लायब्ररीचा निम्माअधिक भाग दाढीने लिहिला होता. वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि कुणी काही विचारलं की आपली चोरी पकडल्यासारखा चेहरा करणारा.

“बटणं घालून झाली की शेवटी ‘आता मांड’ असा हुकूम द्यावा लागतो,” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “पहिल्यावर दिला नाही तरी चालतं. दुसऱ्यावर द्यावाच लागतो.”

“हे कुठे लिहिलंय?”

“लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत असतं.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला?”

दाढीने जरा विचार केला. “मला,” तो म्हणाला.

मंगळवारी कळलं की दोन बटणांच्या मधली उभी रेघ तिसऱ्या कंप्युटरवर दिसतच नाही. बुधवारी कळलं की पट्टी उभी लावायला सांगितली तर तिसरा कंप्युटर काही न बोलता ती आडवी लावतो. दर वेळी ती दाढीकडे जायची, दर वेळी तो म्हणायचा, “हो, ते तसंच आहे,” जणू तिने हवामानाची चौकशी केली होती. ती परत येऊन लिहायची, पुन्हा काही निराळं सापडलं की लिहिलेलं खोडायची. एका वाक्याला ‘पण’ जोडायची, त्या ‘पण’ला ‘मात्र’, आणि मग ते वाक्य वाचताना तिलाच धाप लागायची.

अखेर तिने वाक्यांचा नाद सोडला आणि एक तक्ता केला. डावीकडे टूलबारची प्रत्येक गोष्ट, पुढे तीन रकाने, तिन्ही कंप्युटरांवर काय होतं ते. सतरा ओळींचा तक्ता झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

साहेबांनी तो गुरुवारी पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे काढा.”

“का? सगळं खरं आहे. एकेक ओळ मी तपासलीय.”

“खरं असेल हो. पण आपण काय विकतो? तिन्हीकडे सारखं. आणि तुम्ही सतरा ठिकाणी सारखं नाही म्हणून पाढा वाचताय.”

“सतरा ठिकाणी सारखं नाहीच आहे.”

“मग तो दाढीचा प्रश्न आहे. पानाचा नाही.”

दाढी म्हणाला, तो त्या कंप्युटरांचा प्रश्न आहे, माझा नाही. मास्तरीण जागेवर येऊन बसली आणि शाळेत असताना पालकसभेनंतर प्यायची तसं एका दमात तांब्याभर पाणी प्यायली.

रविवारी ती ताईकडे गेली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. सात वर्षांपूर्वी डोळ्यांच्या आजारात ताईची नजर गेली होती. त्यानंतर वर्षभर खपून तिने कंप्युटर नव्याने शिकून घेतला, आणि आता एका मोठ्या दवाखान्यात फोनवर लोकांना डॉक्टरांच्या वेळा नोंदवून द्यायचं काम करत होती. पडद्यावर जे असेल ते एक आवाज तिला कानात वाचून दाखवायचा. ताई त्याला पोपट म्हणायची.

त्या दिवशी चहा झाल्यावर ताईने टेबलावरचा एक कागद तिच्यापुढे सरकवला. “वाच. मला वाचून दाखवलाय त्यांनी, पण तू वाच.”

ती लेखी ताकीद होती. निष्काळजीपणे एका रुग्णाची वेळ रद्द केल्याबद्दल.

“तू? निष्काळजी?” मास्तरीण म्हणाली.

“सांगते ऐक. आमच्या सॉफ्टवेअरला वर ती पट्टी आहे ना बटणांची, ती पोपटाला वाचताच येत नाही. नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणतो. मग मी मोजून ठेवलं होतं. सहावं रद्द करायचं, सातवं छापायचं. दोन वर्षं मोजून काम केलं, एक चूक नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी सॉफ्टवेअर बदललं आणि मध्येच तिसऱ्या जागी एक नवं बटण घुसवलं. मला कोण सांगणार? मी आपलं छापायचं म्हणून सातवं दाबलं.”

“पण रद्द करताना विचारत नाही का?”

“विचारतं ना. ‘नक्की?’ विचारतं. छापतानाही ‘नक्की?’च विचारतं. मी म्हटलं, नक्की.” ताईने चाचपून कागद परत घेतला. “म्हातारे गृहस्थ होते गं. दोन गाड्या बदलून आले, हातात एक्स-रेच्या फोटोंची भलीमोठी पाकिटं. त्यांची वेळच नाही म्हणून परत पाठवलं. माझ्या समोरून गेले, मला सगळं ऐकू येत होतं.”

मास्तरिणीने इतकंच विचारलं, “कुठल्या लायब्ररीवर बांधलंय ते सॉफ्टवेअर, बघशील?”

“मी काय बघणार,” ताई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ‘या सॉफ्टवेअरविषयी’ असं लिहिलेली खिडकी उघडायला लावली आणि त्यातली बारीक अक्षरं फोनवर वाचून घेतली. शेवटच्या ओळीत मास्तरिणीच्याच कंपनीचं नाव होतं. यात मोठं नवल नव्हतं. असल्या कचेऱ्यांची शेकडो सॉफ्टवेअर त्यांच्या लायब्ररीवर उभी होती. तरी फोन ठेवल्याठेवल्या ती कामाला लागली.

तिने ताईचा पोपट आपल्या तिन्ही कंप्युटरांवर चढवला, कानात घातला आणि पाच बटणांच्या नमुन्यावरून एकेक करत फिरली. पहिल्यावर त्याने सगळी नावं वाचली. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर म्हणाला, “बटण. बटण. बटण. बटण. बटण.”

टूलबारमध्ये बटण घालताना त्याला एक नाव द्यायचं असतं आणि एक छोटं वर्णन, माउसचा बाण बटणावर नेला की उमटतं ते. पट्टीवर नुसती चित्रं दाखवायची ठरवली की नाव लपतं. पहिले दोन कंप्युटर पोपटाला ते लपलेलं नाव देत होते. तिसरा फक्त वर्णन देत होता, आणि वर्णन रिकामं असलं तर काहीच नाही. ताईच्या दवाखान्यात तिसऱ्या जातीचे कंप्युटर होते.

तिने त्या सॉफ्टवेअरच्या प्रोग्रामरला पत्र लिहिलं: वर्णनं रिकामी का ठेवलीत? तासाभरात उत्तर आलं. माणूस सभ्य होता. ‘तुमच्याच पानावर वर्णनापुढे ऐच्छिक असं लिहिलं आहे. गरज असती तर आम्ही नक्की भरलं असतं.’

जुन्या पानाची सातवी ओळ. तिने ती आठवड्याभरात वीस वेळा वाचली असेल. आता तिला त्या लिहिणाऱ्याचा असा काही राग आला की तिने पानाचा इतिहास उघडला. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली, तिथे सगळं नोंदलेलं असायचं. सातव्या ओळीपुढे चार वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि तिची स्वतःची आद्याक्षरं.

तो तिचा नोकरीचा पहिला आठवडा होता. टूलबार म्हणजे काय हेही तिला धड कळत नव्हतं. तिने दाढीला विचारलं असणार, हे वर्णन द्यायलाच हवं का? तो म्हणाला असणार, नाही दिलं तरी चालतं. आणि तिने सुवाच्य, शुद्ध भाषेत लिहून टाकलं, ऐच्छिक. नऊच्या नऊ ओळी तिच्याच होत्या.

ती उठली, दाढीच्या टेबलापाशी गेली, त्याच्या कानात पोपट घातला आणि त्याचे डोळे मिटायला लावले.

“यातलं छापायचं बटण शोध,” ती म्हणाली.

दाढीने चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी त्याने डोळे उघडले. “पण हे तर मी कधी ऐकलंच नव्हतं.”

“मीही नव्हतं. आता दुरुस्त कर.”

“आत्ता नाही होणार. तिसऱ्यावर हात लावला तर दुसऱ्यावर मोडतं. पुढच्या आवृत्तीत बघतो.” पोपट मात्र त्याने परत दिला नाही, आपल्याच कंप्युटरवर राहू दिला.

साहेबांशी भांडण तासभर चाललं. तिने ताकिदीची गोष्ट सांगितली. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि तक्ता मात्र पुस्तिकेच्या अगदी शेवटी, ‘इतर टिपा’ या मथळ्याखाली गेला, जिथे कुणी फिरकत नाही. तिच्या पदरात एक शब्द पडला. ‘ऐच्छिक’च्या जागी ‘आवश्यक’, आणि त्याखाली एक वाक्य: ‘हे रिकामं ठेवल्यास न पाहता काम करणाऱ्याला या बटणाचं नाव कळणार नाही.’ साहेब ते वाक्यही काढायला निघाले होते. ती म्हणाली, “हे काढायचं तर आधी माझं नाव काढा इथून.” तिने असं काही बोलायचं ठरवलं नव्हतं. साहेब दचकले आणि वाक्य राहिलं.

पुढच्या रविवारी तिने ताईला सगळं सांगितलं. कुणी लिहिलं होतं तेही.

ताईने हातातली कपबशी खाली ठेवली. “तू लिहिलंस.”

“हो.”

“माझे डोळे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तू इथे येऊन बसायचीस, पोपट ऐकायचीस. आणि ते लिहिताना तुझ्या मनात नाही आलं?”

“नाही आलं, ताई.”

मास्तरिणीला वाटलं, आता ही म्हणेल असू दे, किंवा रडेल, किंवा जा म्हणेल. ताईने यांतलं काहीच केलं नाही.

“मग ते लिहून दे,” ती म्हणाली. “माझ्या ऑफिसला. चूक कुणाची, कशी झाली, सगळं. सही करून. लिहायचंच काम करतेस ना?”

कंपनीच्या कागदावर लिहायला साहेबांनी साफ नकार दिला, म्हणून तिने साध्या कागदावर स्वतःच्या नावाने लिहिलं. एका पानाच्या पत्राला तिला तीन दिवस लागले. ‘चूक झाली’ असं लिहिलं, खोडलं. ‘मी चूक केली’ असं लिहिलं. मसुदा तिने ताईला पाठवला. ताईने पोपटाकडून वाचून घेतला आणि फोन केला. “दुसऱ्या परिच्छेदात ‘दुर्दैवाने’ लिहिलंयस. ते काढ. दैवाचा काय संबंध?” तिने ते काढलं.

त्या प्रोग्रामरने पंधरा दिवसांत अकराही बटणांना वर्णनं भरून पाठवली. त्याच दुपारी ताईचा ऑफिसातून फोन आला. आवाज नेहमीसारखाच कोरडा.

“वाचतोय आता. छापा, रद्द करा, सगळं. तिसऱ्या बटणाचं नाव काय ठेवलंय माहितीये? ‘नवीन बटण’. दाबल्यावर काय होतं ते देवाला ठाऊक.”

“मी लिहिते त्याला.”

“लिही.”

“आणि ताकीद? पत्र पोचलं का?”

“पोचलं. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, एकदा फाईलला लागलेला कागद काढता येत नाही. तुझं पत्र त्याच्या मागे टाचलंय.”

“मागे कशाला? पुढे टाचायचं ना! वरचा कागद वाचून कोणीही फाईल मिटेल.”

“तेच म्हटलं मी. तर म्हणाल्या, तारखेप्रमाणे लावतात.”

मास्तरिणीच्या तोंडून शाळेत कधी न उच्चारलेला शब्द गेला. पलीकडे ताई महिन्याभरात पहिल्यांदा हसली, तेही जेमतेम. “मी बोलते त्यांच्याशी परत,” ती म्हणाली. “थांब, दुसरा फोन वाजतोय,” आणि तिने ठेवून दिला.