गुरुवारचा ब्रश

गुरुवारी सकाळी सव्वासातला माझा नवरा बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर टॉवेल, हातात दाढीचा ब्रश, आणि चेहरा गोदामात उंदीर सापडल्यासारखा.

"हा ओला का आहे?"

घरात मोठी माणसं आम्ही चौघं, आणि सात महिन्यांची टिल्ली. सासूबाई ओट्यापाशी दूध तापवत होत्या. सासरे पेपर वाचत होते. मी टिल्लीच्या नाकापुढे बोट धरून तिचा श्वास बघत होते. ती जागी होती, चांगली खिदळत होती, तरी बघत होते.

"ब्रश ओलाच असतो," सासरे पेपरामागून म्हणाले.

"बाबा, हा गुरुवारचा आहे. आठ दिवस याला थेंब लागलेला नाही. लागायला नको. मुळाशी हात लावून बघा."

"मी कशाला लावू हात? तुझा ब्रश, तुझं मूळ."

मी टिल्लीचा श्वास पुन्हा एकदा बघितला.

नवऱ्याच्या दाढीचं सामान म्हणजे सहा रेझर, सहा ब्रश आणि सहा साबण. सोमवार ते शनिवार प्रत्येकाला वार ठरलेला, रविवारी चेहऱ्याला सुट्टी आणि सामानाची कोरड्या फडक्याने साफसफाई. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवलेला आहे. तो औषधांच्या गोदामाचा प्रमुख आहे. आधी आला तो माल आधी बाहेर, हे त्याच्या अंगात इतकं मुरलंय की टिल्लीची झबलीसुद्धा तो खालची आधी काढतो. त्याचं म्हणणं असं की ब्रश वरून कोरडा दिसला तरी मुळाशी ओल धरतो, रोज वापरला की कुजतो, म्हणून त्याला आठवडाभर मोकळं सोडायचं. ब्लेड पाच दाढ्यांचं. प्रत्येक दाढीला तक्त्यात एक उभी रेघ. लग्न झालं तेव्हा मी आईला म्हणाले होते, बाकी कसलं व्यसन नाही गं, साबणाचं आहे.

तो तक्ता मला त्याच्याइतकाच पाठ होता, कारण गेले सहा आठवडे तो कामाला गेला की त्याच सामानाने मी माझी दाढी करत होते.

टिल्लीला चौथा महिना लागला आणि माझ्या हनुवटीवर, गळ्यावर केस यायला लागले. लव नव्हे, चांगले काळे, राठ केस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतं काहींना, तपासण्या ठीक आहेत, वर्षभर वाट बघा. त्यांना म्हणायला काय जातंय? थ्रेडिंग केलं तर पुळ्या उठल्या. केस काढायचं क्रीम आणलं, पण टिल्ली दूध पिताना नेमकं तिथेच तोंड घासते. डबीवरचं बारीक अक्षर मी तीनदा वाचलं आणि डबी केराच्या टोपलीत टाकली. प्लास्टिकच्या साध्या रेझरने गळा सोलवटून निघाला.

मग मी टिल्लीला मांडीवर घेऊन बाथरूमसमोर बसले आणि नवऱ्याची दाढी बघायला लागले. रोज, परीक्षा असल्यासारखी. आधी गरम फडका. ब्रशने गोल गोल फेस. रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनाने उतरू द्यायचा. पहिल्यांदा केसांच्या दिशेने, मग आडवा. "बघ, टिल्लीला बाबाची दाढी किती आवडते!" तो आरशातून म्हणायचा.

चोरी मी विचार करून केली होती. तो ज्या दिवशी जो ब्रश वापरतो तोच मी त्याच दिवशी वापरायचा. आधीच ओला असतो, कुणाला कळणार? कळलं फक्त ब्लेडला. पाच दाढ्यांचं ब्लेड तिसऱ्या दाढीला ओढायला लागलं तेव्हा नवऱ्याने दाढीवाल्यांच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं, की या वेळची पेटी सदोष निघाली, कुणी घेऊ नये. मी शेजारी बसून डाळ निवडत होते. निवडतच राहिले.

पण गेल्या रविवारी त्याने तक्ता बदलला. बुधवारचा काळ्या मुठीचा ब्रश गुरुवारी नेला, गुरुवारचा बुधवारी आणला. तो गुरुवारच्या कडक साबणाला बरा पडतो म्हणे. मला त्याने सांगितलंही होतं, पण मी तेव्हा टिल्लीचा ताप मोजत होते. बुधवारी सवयीने काळ्या मुठीचा उचलला. हाताला कोरडा लागला, तेव्हाच कळायला हवं होतं. नेमकी आत टिल्ली रडली, आणि मी तो तसाच पाण्यात बुडवला.

"बाबा, खरं सांगा," नवरा म्हणाला. "गुडघ्यामुळे तुमचं न्हाव्याकडे जाणं बंद झालं. घरीच करताय दाढी. माझं सामान वापरलंत?"

"मी?" सासऱ्यांनी पेपर खाली केला. "तुझ्या त्या गुलाबाच्या साबणाने? मी काय नवरी आहे?"

"वापरला असेल तर कबूल करा ना," सासूबाई म्हणाल्या. "पोराच्या जिवाला उगाच घोर."

"वापरला नाही तर काय कबूल करू?"

"मग भूत येतं का दाढी करायला?" नवऱ्याचा आवाज चढला. "सांगितलं असतंत तर दिलं नसतं का मी? लपवाछपवी कशाला?"

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "तुझ्या हातात पहिला रेझर मी दिला. तुझी हनुवटी धरून. आता तुझ्या ब्रशची चोरी माझ्यावर." पेपराची घडी घालून ते भिंतीला धरत उठले. "आजपासून त्या बाथरूममध्ये माझं पाऊल नाही. मागच्या नळावर तोंड धुईन."

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. चार दिवसांत सगळे विसरले असते. आणि चारच दिवसांचा प्रश्न होता, कारण सोमवारी माझी रजा संपत होती. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्याच्या चेहऱ्यापासून माझा चेहरा वीतभर अंतरावर असतो. सासूबाईंनी माझे केस पहिल्यांदा पाहिले तेव्हाच बजावलं होतं, हे जाईपर्यंत घरातच राहा, रजा वाढवून घे. मालकाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, सोमवारी आलात तर जागा तुमची, नाहीतर बदली मुलीला कायम करतो. मधल्या काळात केस दिसेनासे झाले, ते सासूबाईंच्या लेपाने, असा त्यांचा समज होता. तीन नातेवाइकांना त्यांनी कृती लिहून दिली होती. मी आता तोंड उघडलं की सोमवार गेला.

सासरे मागच्या दारापर्यंत पोचले होते.

"मी वापरला," मी म्हणाले.

"तू?" नवरा वळला. "कशाला? बाटल्या धुवायला? तू माझ्या ब्रशने दुधाच्या बाटल्या..."

"दाढी करायला."

"कुणाची?"

"माझी. कुणाची म्हणजे?"

सासूबाईंनी गॅस बंद केला. टिल्लीने माझी वेणी ओढली. मी तिला घट्ट धरलं.

"म्हणजे माझा लेप..." सासूबाई म्हणाल्या.

"तो मी दोनदाच लावला, आई. खाज सुटली."

"सहा आठवडे?" नवरा अजून हिशेबातच होता. "रोज? म्हणजे ती ब्लेडं... अगं, मी ग्रुपवर लिहिलंय पेटी सदोष आहे म्हणून! किती जणांनी परत केल्या!"

"पेटी चांगली आहे. माफी माग त्यांची. आणि आधी बाबांची माग."

"हळू बोल," सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पलीकडे ऐकू जातं. बाईमाणूस गालाला साबण फासून बसते, हे काय ओरडून सांगायचं आहे? सोमवारचं आता विसर. असं तोंड घेऊन लोकांच्या तोंडापुढे बसणार? दुकानातली माणसं काय म्हणतील?"

"त्यांचे डोळे तपासायचेत मला. माझी हनुवटी तपासायला ते येत नाहीत."

"उलट उत्तर देऊ नकोस."

"सरळच देतेय, आई. मी सोमवारी जाणार. वेळ मिळाला तर दाढी करून जाईन, नाही मिळाला तर केस घेऊन जाईन. पण जाणार."

नवऱ्याने मला हाताला धरून खोलीत नेलं. आवाज एकदम मऊ. "मला सांगायचंस ना. लेझर करून टाकू. मी घेऊन जातो तुला, लांबच्या दवाखान्यात. कुणाला कळणारही नाही."

"पाजणं थांबेपर्यंत नको म्हणाल्यात डॉक्टरीणबाई. मी विचारलंय." मी टिल्लीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि लांबच्या कशाला? तू आरशासमोर अर्धा तास उभा राहतोस, दार सताड उघडं, टिल्लीला हाका मारत. ग्रुपवर फेसाचे फोटो टाकतोस. मी तेच करते तर लांबच्या दवाखान्यात?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

त्या दिवशी तो दाढी न करताच कामाला गेला.

संध्याकाळी त्याने बाबांची माफी मागितली, अडखळत. बाबा म्हणाले, "बघू." मागचा नळ त्यांनी शनिवारपर्यंत सोडला नाही. मी शुक्रवारी आणि शनिवारी दाढी केली ती दार उघडं ठेवून. सासूबाई पॅसेजमधून जाताना पदर डोळ्यांवर ओढायच्या, जणू मी कपडे बदलत होते. मला भीती वाटत नव्हती असं नाही. वाटत होती. बेसिनचा काठ धरूनच मी उभी राहत होते.

सोमवारी दुकान नऊला उघडणार होतं. सव्वासातला बाथरूममध्ये मी शिरले. ही नवऱ्याची वेळ. टॉवेल घेऊन तो मागोमाग आला आणि दारातच थबकला.

"तो सोमवारचा आहे," तो माझ्या हातातल्या रेझरकडे बघून म्हणाला.

"आज सोमवारच आहे."

"मग मी काय वापरू?"

"मंगळवारचा वापर."

"मंगळवारचा आज वापरला तर उद्या..."

"उद्याचं उद्या."

"दार तरी लाव गं," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"दार लावलं तर टिल्ली दिसत नाही," मी ओरडले. आणि ते खरंच होतं. ती पॅसेजमध्ये चटईवर पालथी पडली होती, शेजारी सासरे.

गालावर फेस, गळ्यावर फेस. रेझर हनुवटीच्या टोकावरून उतरवला आणि चरकन कापलं. पांढऱ्या फेसात लाल रेघ.

"अरे देवा," नवरा पुढे आला. "काल सगळी ब्लेडं बदलली मी. रेघांचा घोळ झाला होता, म्हणून सगळीच नवी घातली. तुला जुन्याची सवय. सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

त्याने तुरटी माझ्यापुढे धरली. "पाण्यात बुडवून धर. घासू नकोस." अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. तरी उरलेली बाजू मी पूर्ण केली, आडवीसुद्धा, त्याच नव्या ब्लेडने. तो तोंडातल्या तोंडात सांगत होता, "हलकं, अजून हलकं, कोन कमी." मी ऐकत होते. पण रेझर त्याच्या हातात दिला नाही.

रक्त थांबेना, म्हणून पट्टी लावली. ऐन हनुवटीवर.

"आता ही पट्टी घेऊन जाणार?" सासूबाई माझा डबा पिशवीत घालत म्हणाल्या. डबा मात्र भरला होता त्यांनी. "कुणी विचारलं तर दारावर आपटलं म्हण. पोरीने बोचकारलं म्हण. काहीही म्हण."

"जा तू," सासरे चटईवरून म्हणाले. "ही आहे माझ्याजवळ. श्वास घेते की नाही ते बघतो, दर दोन मिनिटांनी. घेते बरं का आत्ता."

वाटेत दोनदा फोन केला. घेत होती.

दुकानात मालकाने पट्टीकडे पाहिलं आणि तो रजिस्टरात लिहायला लागला. बदलीवाली मुलगी काउंटरमागे फ्रेमा पुसत होती, तिचे कान माझ्याकडे. पहिलं गिऱ्हाईक ट्रकचालक निघाला, परवान्यासाठी डोळे तपासून हवे होते. बसता बसताच म्हणाला, "ताई, हनुवटीला काय लागलं हो एवढं?"

दार, बोचकारणं, सगळी तयार उत्तरं जिभेवर होती. मालकाचा पेन थांबला.

"दाढी करताना कापलं," मी म्हणाले. "डावा डोळा झाका आणि वरून तिसरी ओळ वाचा."

त्याने डावा डोळा झाकला आणि उजव्याने माझ्याकडेच बघत राहिला.

"माझ्याकडे नाही," मी म्हणाले. "समोर. अक्षरं तिकडे आहेत."