पाठीवरचा ठोसा

कमावती मुलगी संध्याकाळी अर्धा तास उशिरा घरी आली, की बापाच्या मनात काय काय येतं ते सांगायला नको. वाचकहो, तुमच्याआमच्या घरांतही हेच चालतं. सोलापुरातल्या बाळीवेशीत ज्वारीचं दुकान चालवणारे सिद्धलिंगप्पा तर संशय घेण्यात पटाईत! मंगळवेढ्याहून आलेलं पोतं कितीही ओळखीच्या माणसाचं असो, त्यात परखीची टोकदार नळी खुपसून चार दाणे तळहातावर घेतल्याशिवाय ते पोतं पुढं सरकत नसे.

१९७४ सालच्या डिसेंबरात या संशयाला घरातच खाद्य मिळालं. त्यांची एकुलती एक मुलगी दानम्मा मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, आत्या नागव्वानं तिला वाढवलेलं. गेले दोन महिने ती रोज दिवेलागणीनंतर घरी येत होती. "शाळेत काम हाय, अप्पा," एवढंच सांगायची. मग एक दिवस तिच्या डाव्या डोळ्याखाली काळानिळा डाग दिसला. "दाराला धडकले," ती म्हणाली. सिद्धलिंगप्पांनी मान डोलावली, पण विश्वास काडीचाही ठेवला नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या घरी लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असायची. आंघोळ करून लिंग तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, पुन्हा डबी गळ्यात. जन्मभर ती अंगावेगळी करायची नाही. सकाळी दानम्माच्या गळ्यात डबी असायची, संध्याकाळी परत येताना मात्र गळा मोकळा! कुणासाठी काढत असेल ही लिंग? कुणाच्या घरात ठेवून येत असेल? त्यांना अन्न गोड लागेना.

"सरळ विचार की तिला," नागव्वा म्हणाली.

"विचारलं तर खोटं बोलंल, अक्का."

"अन् न विचारता तूच खोटं रचायलास की! पोत्याला परखी लावतोस, पोरीला मातर लांबनंच बघून किडकी ठरवतोस व्हय रे?"

पण ऐकतील ते सिद्धलिंगप्पा कसले! त्यांनी गुपचूप मंगळवेढ्याच्या एका बिजवराला निरोप धाडला, की रविवारी सोयरीक पक्की करायला या. आणि शनिवारी दुकान लवकर बंद करून स्वतः मुलीच्या मागावर निघाले.

दानम्मा शाळेतून निघाली ती विजापूर वेशीजवळच्या एका जुन्या गोदामापाशी थांबली. दारात पांढऱ्या दाढीचा एक माणूस उभा होता. त्यानं हसून तिला आत घेतलं आणि दार लोटून घेतलं. सिद्धलिंगप्पा दाराला कान लावून उभे राहिले. थोड्या वेळानं आतून धपाधप आवाज यायला लागले. त्यांनी खांद्यानं दार ढकललं.

आत चारी बाजूंनी दोर बांधले होते. दोरांच्या आत दोन मुली, हातांत फुगीर कातडी मोजे घालून, एकमेकींसमोर उभ्या होत्या. एक दानम्मा, दुसरी तिच्याच वयाची कोणी. परपुरुष म्हणावा तर तो साठीचा म्हातारा, शिट्टी गळ्यात अडकवून उभा!

"दानम्मा! लिंग कुटं हाय तुझं?"

तिनं घाबरून मोजे काढले आणि सदऱ्यावरून डाव्या बरगडीवर हात ठेवला. "हितं हाय, अप्पा. कापडात गुंडाळून बांधलंय, सकाळी पूजेलाच सोडते. एक दिवस अंगावेगळं केलं न्हाय. गळ्यात काई घालून खेळू देत न्हाईत."

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! आत्ता समजलं! शेटजी, मी चांदसाब. फौजेत बॉक्सिंग खेळलो, ही माझी पोरगी अजीजा. दोन महिने मी घसा फोडून सांगतो, हात वर ठेव, तोंड सांभाळ. आणि ही बरगडीच झाकून बसती! म्हणून तर डोळ्याखाली ठोसा बसला."

"मीच मारला, चाचा," अजीजा खाली मान घालून म्हणाली.

इष्टलिंग सांभाळायला पोरीनं तोंडावर मार खाल्ला, आणि आपण त्याच डागावरून तिच्या चारित्र्याचा हिशेब मांडला! सिद्धलिंगप्पांचा आवाज उतरला. "मला का न्हाय सांगितलंस?"

"दाराचं खोटं बोलले, चुकलं माझं. पर तुमी तरी कुटं विचारलं, अप्पा? नुसतं बघत व्हता. ते बघणं लई लागायचं." तिचे डोळे भरून आले. "उद्या सर्कशीचे मॅनेजर येनार हायत. पुढल्या महिन्यात गड्ड्याच्या जत्रेत त्यांच्या तंबूत बायकांची बॉक्सिंग ठेवनार. पास झाले तर पगारी बॉक्सर म्हणून घेतील, गावोगाव खेळायला मिळंल. मला हेच करायचंय, अप्पा."

चांदसाब शांतपणे म्हणाले, "शेटजी, आमच्या खेळात एक कायदा हाय. समोर या, तोंडावर मारा, चालतं. पण पाठीवर मारायचं न्हाय. पाठीवर मारणारा बाद. संशय म्हणजे पाठीवरचा ठोसा. समोरच्याला हात उचलायलाबी मोका मिळत न्हाय."

मग सिद्धलिंगप्पांनी विचारलं, "पाठीवर कुणीच मारत न्हाय म्हणता?"

"बिलकुल न्हाय."

"मग लिंग पाठीवर बांधू की!"

दानम्मा आडोशाला जाऊन डबी सोडून घेऊन आली. सिद्धलिंगप्पांनी आपल्या उपरण्याची पट्टी फाडली आणि डबी तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध घट्ट बांधली. "आता हात वर ठेव," ते म्हणाले. "तोंड सांभाळ, पोरी."

रविवारी सकाळी त्यांनी बिजवराला एसटी स्टँडवरच गाठलं, हात जोडून क्षमा मागितली आणि चहा पाजून परतीच्या गाडीत बसवलं. दुपारी दानम्मा पास झाली. जानेवारीत जत्रेच्या होम मैदानावरच्या तंबूत ती रोज उतरायची, आणि उतरण्याआधी पाठीवरची गाठ बापच बांधायचा.

वाचकहो, बॉक्सिंगमध्ये पाठीवर मारणारा बाद होतो. आपल्या घराघरांत मात्र तो जागरूक बाप, सावध नवरा, कर्तव्यदक्ष भाऊ म्हणून मिरवतो! लेकीसुनांबद्दल मनात काही आलं, तर समोर बसून विचारा, आणि त्या सांगतील ते ऐकून घ्या.