तोंडात गवत कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी उंटाच्या गळ्यात बांधायची जुनी लाकडी घंटा आहे. माझे वय माझ्या मालकिणीच्या, दहाबोच्या लग्नाइतके. माझ्या तोंडात घट्ट गवत कोंबलेले आहे, त्यामुळे मी वाजत नाही. ते गवत कोणी काढू नये एवढेच माझे मागणे आहे. का, ते सांगते.

मला गुलेदने घडवले. तो शिरवाच्या घराण्यातला, दहाबोचा थोरला भाऊ. त्या सुमारास शिरवाच्या आणि अवालेच्या घराण्यांत एक खून पडला होता. वैर मिटावे म्हणून दहाबोला अवालेच्या घराण्यातल्या कूशिनला द्यायचे ठरले. तिला कोणी विचारले नाही. गुलेद बैठकीतून उठून आला, बाभळीचा ओंडका घेऊन सावलीत बसला आणि मला कोरू लागला. हात चालवताना तो आपल्या बापजाद्यांची नावे म्हणायचा, इथे लहानपणीच सगळ्यांकडून पाठ करून घेतात तशी. स्वतःपासून वर चढत सातव्या नावाशी, हिलोलेशी, तो दम घ्यायचा. पुढे कूशिनला त्याच्या बापजाद्यांची नावे म्हणताना ऐकले, तर तीही सातव्या पायरीला हिलोलेपाशीच पोचली. शिरवा आणि अवाले हे त्या हिलोलेचे दोन मुलगे. मग भांडण कसले, असे मला वाटले. मी पडले लाकूड, मला काय कळणार.

पाठवणीच्या दिवशी गुलेदने मला दहाबोच्या ओझ्याच्या उंटाला बांधले.

"हिच्या आतल्या दोन लोलकांतला एक मुद्दाम जाड ठेवलाय," तो म्हणाला. "असा आवाज दुसऱ्या कुठल्या घंटेचा नाही. तू येतेयस हे लांबूनच कळेल मला."

"आणि नाहीच आले तर?"

"तर तिकडं येऊन दाजींच्या दाढीला धरीन, पाठवत का नाही म्हणून."

कूशिन दाढी कुरवाळत हसला. तेव्हा तो हसत असे.

दर वर्षी पाऊस सरला की दहाबो माहेरी यायची. वस्तीच्या अलीकडे एक खडकाळ उतार आहे. तिथे उंट हिंदकळायचा, मी खणखणीत वाजायचे, आणि गुलेद दुधाने भरलेले भांडे घेऊन सामोरा यायचा. हिबाक जन्मल्यावर आधी भाची खांद्यावर, मग बहिणीची चौकशी. उंटाच्या गळ्यात असूनही मला वाटे की वाट मीच दाखवते आहे. फार ताठा होता मला त्या वर्षांत.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही. विहिरीवर आधी कोणाचे उंट पाजायचे यावरून जुंपली. शिरवाच्या एकाने अवालेच्या एका तरुणाला गोळी घातली आणि तो पसार झाला. दोन्हीकडचे वडीलधारे चार दिवस झाडाखाली बसले, आणि काहीच न ठरवता उठले.

कूशिनचे काका बुल्हान तडक आमच्या दारात आले. "परवा पहाटे गुलेदच्या वस्तीवर जायचं," ते म्हणाले. "उंट तुझा घेऊ, त्याला वाट माहीत आहे."

"काका, गुलेद त्या दिवशी विहिरीवर नव्हता."

"नसेल. पण नावं म्हणायला लागला की पोचतो कुठं? शिरवाकडंच ना? मारणारा कोण ते नाही विचारायचं. कुणाचा, ते विचारायचं."

कूशिन दाराशी पडलेली दोरी गुंडाळू लागला.

"मेहुण्याचा फार पुळका आला असेल तर जा तिकडं राहायला. त्यांची नावं पाठ कर."

काका गेल्यावर दहाबो पुढे आली. "तो तुमच्या मुलीचा मामा आहे."

"मला कळत नाही का ते? पण मी मागं राहिलो तर उद्या आपल्या उंटांना पाणी कोण पाजू देईल? आपल्यावर कुणी हात टाकला तर आपल्यामागं कोण उभं राहील? तू सांग."

ती वळून झोपडीत गेली.

मला काढले तर उंट पाऊल उचलत नाही, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी कूशिनने माझ्या तोंडात घट्ट गवत ठासले. दुपारी पाण्याची भांडी उंटावर चढवताना दहाबोने ते उपसले आणि वरून तसेच दिसेल असे, पण सैल गवत भरले. उतारावर हिंदकळा बसला की ते गळून पडणार हे तिला ठाऊक होते. "दादाला सांग," ती माझ्याशी पुटपुटली. मित्रांनो, आयुष्यात इतके मोठे काम मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उतारावर आलो. गवत गळाले. मी जीव तोडून वाजले. पळ गुलेद, पळ. बुल्हानकाकांनी धावत येऊन माझे तोंड दाबले, पण तोवर वस्तीतून आवाज आला होता. गुलेद बायकोला ओरडून सांगत होता, "बंदूक राहू दे गं. ही दहाबोची घंटा!"

तो दुधाचे भांडे घेऊन आला. चालतही नव्हता, जवळजवळ पळतच होता. समोर कूशिन उंटाची दोरी धरून उभा. गुलेदने त्याच्या मागे पाहिले, इकडेतिकडे पाहिले.

"दाजी, दहाबो कुठंय?"

बुल्हानकाकांनी गोळी झाडली.

घरी परतल्यावर कूशिनने दहाबोला खाली मान घालून सांगितले, "वाटेत गवत पडलं. घंटा वाजली. त्याला वाटलं, तू आलीस."

गवत पडले कसे, हे तिने आजवर कोणाला सांगितलेले नाही. माहेरी गेली तर वहिनीने मारेकऱ्याची बायको म्हणून दारातूनच परतवून लावले. सासरी तिला शत्रूची बहीण म्हणतात. त्यानंतर तिने स्वतःच्या हाताने मला गवत भरले आणि झोपडीच्या आतल्या काठीला टांगले.

याला आता बारा वर्षे झाली. मधल्या काळात दोन्हीकडचे आणखी बरेच मेले. आता पुन्हा झाडाखाली बैठक बसली आहे. वैर मिटावे म्हणून हिबाकला शिरवाच्या घराण्यात द्यायचे ठरले आहे. तिलाही कोणी विचारलेले नाही. काल तिने मला खाली काढले, धूळ पुसली आणि गवतात बोट घातले.

"आई, मामाची घंटा मी नेऊ?"

"ने. गवत काढू नकोस."

"मग मी येतेय ते तुला लांबून कळणार कसं?"

दहाबोने मला हातात घेतले आणि अंगठ्याने गवत आणखी आत दाबले.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी सांगतो की आम्हाला जपा. मला जपू नका, तेलही लावू नका. जपायचेच असेल तर या मुलीला जपा. पण ते तुमच्या हातात नाही, आणि मी तर तोंडही उघडू शकत नाही.