कलपाने लिहिलेली चादर

मित्रांनो, ज्या फडक्याने तुम्ही रोज बॉल पुसता, तेच मी. काल तुमच्यातल्या एकीने विचारलं, "ह्याच्यावर काय लिहिलंय गं?" विचारलंच आहे, तर सांगते.

मी एक जुनी चादर आहे, आणि तीही सलूनची. गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधून पायांपर्यंत सोडतात, तसली. सूत जाड, रंग पांढरा. माझ्या मालकांना आखूड काही आवडत नसे, म्हणून त्यांनी मला दोन माणसं झाकतील एवढी ऐसपैस शिवून घेतली. नवी होते तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता.

आमच्याकडे दर शनिवारी दहाच्या ठोक्याला शहरातल्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक यायचे. सगळे त्यांना 'सर' म्हणत. संघ जिंको नाहीतर हरो, अकरा वर्षांत त्यांचा हा नेम मोडला नाही. दाढी झाली की माझ्यावरचे केस स्वतः झटकायचे आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून माझी घडी करायचे. मालक म्हणायचे, "सर, राहू द्या हो, ते आमचं काम."

"सवय आहे," ते म्हणायचे. बास, एवढंच.

बोलायचं काम बाकावरची मंडळी करत. दाढी करून घ्यायला नव्हे, पेपर फुकट वाचायला येणारी ही माणसं. त्यांत मालकांचा मेहुणा होता. बॉल आणि कलिंगड यांतला फरक त्याला उचलून बघितल्याशिवाय कळला नसता, पण कोणाला कधी खेळवायचं हे त्याला घरबसल्या कळे. दुसरा औषधांच्या दुकानाचा मालक. त्याच्या आवाजामुळे त्याला 'भोंगा' म्हणत. देव दोघांचं भलं करो. त्यांच्या हातून कुणाचं भलं झालेलं मात्र मी पाहिलं नाही.

संघाने पहिल्यांदा चषक जिंकला, तेव्हा मंडळींना फलक हवा झाला. रंग आणायला कोण जाणार? मालकांनी वाटीत केसांचा कलप कालवला आणि दाढीच्या ब्रशने माझ्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सर, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत!'

वहिनींनी, म्हणजे मालकांच्या पत्नींनी, कपाळाला हात लावला. "अहो, केसांवरचा कलप महिन्यात उतरतो. कापडावरचा जन्मात जायचा नाही."

"जाऊच नये!" भोंगा ओरडला.

मग मी खणात गेले. सामन्याच्या दिवशी बाहेर यायचे, दोन काठ्यांवर ताणली जायचे. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. मित्रांनो, मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी संघातल्या सगळ्यांत उंच खेळाडूचा गुडघा निकामी झाला आणि संघ ओळीने नऊ सामने हरला. गुडघा सरांनी मोडला नव्हता. पण बाकावर न्यायनिवाडा झाला होता. "डोकं चालत नाही आता म्हाताऱ्याचं," मेहुणा म्हणाला. मालकांनी पुन्हा कलप कालवला. नवं कापड आणायचेही कष्ट नकोत. मला उलटं केलं आणि माझ्या दुसऱ्या अंगावर लिहिलं: 'म्हाताऱ्या, घरी जा!'

वहिनी दारातून म्हणाल्या, "स्वतःच्या दुकानाचं कुलूप वेळेवर लावता येत नाही, निघालेत संघ चालवायला."

पुढच्या सामन्याला मला मैदानात सरांच्या समोरच्याच कठड्यावर बांधलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. खेळाडूंचे ओले टॉवेल ते एकेक करून घडी करत होते.

एका शुक्रवारी दुपारी बातमी आली, सरांना काढलं. भोंगा बाकावर उभा राहून नाचला, चहा मागवला गेला, आणि नाचता नाचता अर्धा चहा दुकानाच्या धुतलेल्या चादरींवर सांडला. तासाभरात त्याच तोंडांतून दुसरी भाषा निघू लागली.

"पण जरा घाईच केली हं त्यांनी."

"मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, एक संधी द्या."

"अरे, असा माणूस परत मिळायचा नाही!"

केसांनी भरलेल्या जमिनीवर पडलेली मी ऐकत होते. झाडून काढायचे केस माझ्याशेजारीच होते. त्यांना निदान बोलता येत नव्हतं. दुकान बंद करताना मला उचलून पुन्हा खणात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दहाचा ठोका पडला आणि सर आत आले. बाकावर एकदम पेपर उघडले गेले, त्यांतला एक उलटा.

"नीट काप रे," सर खुर्चीत बसत म्हणाले. "सोमवारी मुलाखत आहे. शहराच्या कडेच्या शाळेत, मुलांना खेळ शिकवायला. या वयात दुसरीकडे कोण विचारणार?"

मालकांना त्यांच्या डोळ्यांत बघवेना. चहाने माखलेल्या चादरी धुऊन दोरीवर ओल्याच होत्या. त्यांनी खाली बघतच खणात हात घातला, हाताला आली ती चादर झटकली आणि सरांच्या गळ्याला गाठ मारली.

ती मी होते.

'म्हाताऱ्या, घरी जा!' अक्षरं सरांच्या मांडीवर पसरली. आरशात मालकांचा चेहरा राखेसारखा झाला. सरांनी मान वाकवून वाचलं. मग माझा काठ उचलून आतली बाजूही पाहिली. ती त्यांच्या छातीला लागलेली होती.

"अक्षर चांगलं आहे तुझं," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना एकाच हाताचं."

"सर, बदलतो... दुसरी..."

"राहू दे. काप."

कात्री चालू लागली. केस माझ्यावर, त्या अक्षरांवर पडू लागले. शेवटी मालकांनी कसंबसं विचारलं, "सर, मुलाखतीसाठी थोडा कलप लावू?"

"नको. वय लपवून काय करू? आत्ताच तर वाचलं."

बाकावरचे पेपर आणखी वर गेले. 

काम झाल्यावर सर उठले. माझ्यावरचे केस झटकले, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केली. "ही मी नेतो," ते म्हणाले. "सूत चांगलं आहे. फरशी पुसायला होईल."

मालक उंबऱ्यापर्यंत गेले. "सर, पुढच्या शनिवारी..."

"दहाला," सर म्हणाले.

मित्रांनो, ती मुलाखत झाली, नोकरी मिळाली, म्हणून तर तुम्ही आणि मी इथे भेटलो. शनिवारी दहाला सर अजून तिथेच जातात. मंडळींनी नव्या प्रशिक्षकासाठी नवी चादर लिहून घेतली आहे म्हणे. लिहिणारा मेहुणा. मालक आता कलपाला हात लावू देत नाहीत, म्हणून रंग विकत आणावा लागला. चादरीची एक बाजू भरली आहे. दुसरी कोरी ठेवून मंडळी संघ हरायची वाट बघत बसली आहेत.

मला दोन बाजू आहेत. कापडाच्या जातीला त्या असतातच, आणि त्यांवर कोणी काय लिहावं हे माझ्या हाती नव्हतं. तुम्हाला तर एकच तोंड दिलंय. ते सांभाळा.

चला, पाच वाजत आले, सर येतील. मला तशीच चोळामोळा करून फेकू नका. कोपऱ्याला कोपरा लावा.