बारावी वाट अजून बाकी आहे

मित्रांनो, माझ्या पोटात बारा वाटा आहेत आणि त्यातली एकही मी स्वतः पाहिलेली नाही. मी एक जुनी पुस्तिका आहे. चाळीस पानं, दोन पिना, मुखपृष्ठावर एक मेंढी. मेंढीलासुद्धा मी कधी प्रत्यक्ष भेटलेली नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका छोट्या गावात झाला. गावाच्या वर उंच माळरान आणि खाली धरणाचं अडवलेलं पाणी. तिथल्या एका निवृत्त पोस्टमननं पत्रं वाटता वाटता ज्या वाटा तुडवल्या, त्यांतल्या बारा सोप्या वाटा लिहून काढल्या. त्या पुस्तिकेच्या आम्ही तीनशे बहिणी. छापणाऱ्याला तो म्हणाला होता, "कागद जाड वापरा. या खिशात भिजणार आहेत." हे ऐकून आम्ही हरखून गेलो. पुस्तकाला जन्मतःच भिजायची परवानगी मिळणं ही काही साधी गोष्ट नाही.

गावातल्या पोस्टाच्या काउंटरवरून मला ज्ञानदानं घेतलं. ज्ञानदा कुवेतमध्ये वाढलेली मराठी मुलगी, आता त्या गावाजवळच्या इस्पितळात डॉक्टर, भाड्याच्या घरात एकटी. तिनं माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, "आई, बारावी वाट आपण दोघी चालू. पाण्याभोवतीची आहे, सगळ्यात सोपी. लवकर ये. इथे दुपारी चारला अंधार पडतो." मग एका मैत्रिणीच्या बॅगेतून मला कुवेतला, मंगफ वस्तीतल्या आईबाबांच्या घरी पाठवलं.

आई म्हणजे प्रभाताई. दवाखान्यात नर्स. बाबा म्हणजे मोरेश्वरराव. सत्तावीस वर्षं अहमदीत, तेलाच्या कामावर, इन्स्पेक्शन इंजिनियर. पाइप असो, टाकी असो, त्यांनी तपासल्याशिवाय काही चालू होत नसे. घरातला मिक्सरसुद्धा नाही.

त्यांनी मला आधी खाकी कव्हर घातलं आणि त्यावर प्लास्टिकचं. ज्ञानदाची शाळेची पुस्तकं दर एप्रिलमध्ये ते अशीच सजवत. मग लेबल चिकटवलं. नाव : प्रभा. विषय : चालणं. 'इयत्ता'पाशी ते जरा थांबले आणि त्यांनी तिथे एक रेघ मारली.

"अहो, तिकीट कधी काढताय?" प्रभाताईंनी विचारलं.

"गुडघ्याचं काय?" दोन वर्षांपूर्वी प्रभाताई बाथरूममध्ये घसरल्या होत्या. तेव्हापासून त्या गुडघ्याची काळजी घरात एकटे मोरेश्वरराव करत.

"गुडघा माझा आहे."

"म्हणूनच. आधी इथे चाचणी घेऊ. अकरा वाटा इथे पुऱ्या करायच्या, मग बारावीला थेट तिकडे."

"मंगफमध्ये? माळरान कुठून आणणार?"

"मैल म्हणजे मैल, प्रभा. इथला काय आणि तिथला काय."

आणि मित्रांनो, माझ्या कष्टाच्या दिवसांना सुरुवात झाली. थंडी पडली तशी दोघं रोज संध्याकाळी निघू लागली. मोरेश्वरराव मोठ्यानं वाचायचे आणि प्रभाताई चालायच्या. 'कुंपणावरची पायरी ओलांडा' आलं की त्या पार्किंगची साखळी ओलांडायच्या. 'ओढा पार करा' आलं की समोरच्या इमारतीच्या एसींचं ठिबकणारं पाणी पार करायच्या. 'साठ मीटरचा चढ' त्यांनी स्वतःच्या दहा मजल्यांच्या इमारतीत दोनदा केला, दोन्ही वेळा लिफ्टनं. मोरेश्वररावांनी समासात टिक केली आणि लिहिलं, 'चढ पूर्ण'. खाली प्रभाताईंनी बारीक अक्षरात लिहिलं, 'लिफ्टचा गुडघा मजबूत आहे.'

एकदा माझ्यात आलं, 'गाई दिसल्यास न घाबरता बाजूनं जा.' दोघं इमारतीच्या मागच्या गल्लीत थांबली. इमारतीचा राखणदार हमीद जवळ आला. साधाभोळा बांगलादेशी माणूस.

"बाबूजी, क्या ढूँढता है?"

"गाय," प्रभाताई म्हणाल्या.

हमीदनं गल्लीच्या दोन्ही टोकांना नीट पाहिलं. "मॅडम, इधर गाय नहीं है."

शेवटी एका उभ्या जीपच्या बाजूनं, न घाबरता, त्या पुढे गेल्या. तेव्हापासून रोज परत येताना हमीद काळजीनं विचारायचा, "मॅडम, गाय मिला?" आणि त्या म्हणायच्या, "कल देखेंगे."

पाचवी वाट जलाशयाच्या काठाची. त्यासाठी मोरेश्वररावांनी गाडी काढून थेट दस्मान गाठलं. तिथल्या समुद्रकाठच्या मोठ्या टॉवरांच्या गोल पोटात शहराचं पाणी साठवलेलं असतं.

"हा घे जलाशय."

"अहो, पाणी डोक्यावर आहे. काठ कुठंय?"

"काठ वर आहे. आपण खालून चालतोय."

प्रभाताई इतक्या हसल्या की मोरेश्वररावांना मला बंद करून त्यांचा हात धरावा लागला. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ होती. टिक करायची राहिली. ती त्यांनी घरी येऊन केली.

एप्रिलपर्यंत सहा वाटा झाल्या. मग ऊन आलं. प्रभाताई म्हणाल्या, "बाकीच्या मॉलमध्ये चालू या, सगळेच चालतात." मोरेश्वररावांनी मॉलमधलं चालणं ग्राह्य धरलं नाही. माळरानाला छत नसतं, हे त्यांचं कारण. त्यामुळे उन्हाळाभर मी टीव्हीच्या शेजारी पडून राहिले. प्रभाताईंचा इंग्लंडचा व्हिसा सहा महिन्यांचा होता. तोही तिथेच, माझ्या चोविसाव्या पानात ठेवलेल्या पासपोर्टवर, शांतपणे संपला.

"आई, येतेस ना?" ज्ञानदा फोनवर विचारायची.

"येते गं. बाबांचं सर्टिफिकेट मिळालं की येते."

दुसऱ्या थंडीत पुन्हा सुरुवात झाली. सातवी. आठवी. नवव्या वाटेत 'दाट धुकं असल्यास परत फिरा' असं होतं, आणि त्या दिवशी धुळीचं वादळ आलं. दोघं परत फिरली. मोरेश्वररावांनी लिहिलं, 'सूचनेनुसार परत. वाट अपूर्ण.' संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या राजश्रीवहिनींनी मला हातात घेऊन माझी तोंडभर स्तुती केली. "प्रभाताई, किती कोरं ठेवलंय हो पुस्तक! एक डाग नाही."

"हो ना," प्रभाताई म्हणाल्या. "आम्हीही कोरेच आहोत."

त्याच रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, गुडघा ठीक आहे माझा. तिकीट काढा."

"पंच लिस्टमध्ये दोनच मुद्दे उघडे आहेत. नववी आणि अकरावी." पंच लिस्ट म्हणजे त्यांच्या कामातली राहिलेल्या गोष्टींची यादी. ती बंद झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा नियम. त्या नियमामुळे आजवर त्यांच्या हाताखाली एकही माणूस दगावला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी प्रभाताई ड्यूटी संपवून कपडे बदलायच्या खोलीत बसल्या, आणि उठल्या नाहीत. हृदय थांबलं. सोबतच्या नर्सेसनी करता येण्यासारखं सगळं केलं. गुडघा शेवटपर्यंत उत्तम होता.

ज्ञानदा आली. सगळं पार पडलं. पंधराएक दिवसांनी हमीद गावाहून रजा संपवून परतला, आणि लिफ्टपाशी बापलेकींना पाहून नेहमीसारखा हसला. "बाबूजी, मॅडम किधर? गाय मिला?"

मोरेश्वररावांनी लिफ्टचं बटण दाबलं. "नहीं मिला, हमीद," ते म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. बाकीचं ज्ञानदानं सांगितलं. हमीद आपल्या स्टुलावर बसला आणि कितीतरी वेळ त्यानं कोणासाठीच दार उघडलं नाही.

त्या दुपारी ज्ञानदानं मला पहिल्यांदा पूर्ण वाचलं. आईच्या बारीक अक्षरापाशी ती हसत होती, आणि हसता हसता तिनं मला क्षणभर मिटलं, तेव्हा माझ्यावर एक थेंब पडला. तो प्लास्टिकवर पडला. मोरेश्वररावांनी सवयीनं रुमाल काढून तो पुसला.

ती बाराव्या वाटेपाशी आली. 'अंतर दीड मैल. चढ नाही. पायऱ्या नाहीत. दर दोनशे पावलांवर बाक.'

"बाबा, दर दोनशे पावलांवर बाक आहे."

"वाचलं होतं मी."

"मग?"

"आधीच्या अकरांत नव्हते गं," मोरेश्वरराव म्हणाले. एवढंच.

 ज्ञानदानं डोळे पुसले. "चला, दस्मानला जाऊ. टॉवरभोवती आपण दोघं चालू ही. आईसाठी."

त्यांनी मान हलवली आणि समासावर बोट ठेवलं. तिथे टिक नव्हती. त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'ही इथे चालायची नाही. ही खरी.'

"माझं तिकीट काढ," मोरेश्वरराव म्हणाले.

"आणि तुमची पंच लिस्ट?"

"उघडी राहू दे."

मग ते टेबलाशी बसले आणि ब्लेडनं माझी चिकटपट्टी कापली. आधी प्लास्टिक काढलं, मग खाकी कागद. लेबल मात्र त्यांनी अलगद सोडवून पाकिटात ठेवलं. किती महिन्यांनी मेंढीनं उजेड पाहिला.

सध्या व्हिसाचा अर्ज गेला आहे आणि मी दाराजवळच्या बॅगेवर पडून आहे. ज्ञानदा सांगते की तिकडे रोज पाऊस आहे. माझ्या बहिणी एव्हाना चिखलानं माखल्या असतील, कोणाची पिन निघाली असेल, कोणाची अर्धी पानं वाऱ्यानं नेली असतील. मला त्यांचा हेवा वाटतो.

मित्रांनो, इतर पुस्तकं तुम्हाला सांगतील की आम्हाला जपा, कव्हर घाला, कोपरे दुमडू नका. त्यांचं ऐका. पण वाट दाखवणारं पुस्तक घरात आलं, तर त्याला जपत बसू नका. त्यात तुमच्यासाठी कोणी काही लिहिलं असेल, तर सोबतीचा हात धरा आणि त्याच आठवड्यात निघा. गुडघा दुखला तर बाकावर बसा.

माझ्याकडे बघा. मी अजून पूर्ण कोरडी आहे.