समोरचं दार

ही गोष्ट १९७४ सालची, रोहण्याच्या पलीकडल्या एका खेड्यातली. कोकिळा सरकारी नर्स होती. सकाळी ती सुया उकळत बसली असताना गावातल्या सवर्ण घरातल्या अनुसयाबाईंचा गडी आला.

"नर्सबाई, बाईच्या सुनेले, नलूवहिनीले, पोरगी झाली. नाळ कापाले बोलावलं. मागून येजा, गोठ्याकडून."

त्या घरात बाळंतपण घरच्याच बाया करत. नाळ मात्र विटाळाची. ती कापायला बौद्धवाड्यातलीच बाई लागे. कोकिळेच्या आईनं, रुख्माबाईनं, अर्धा जन्म तेच केलं होतं आणि दीक्षा घेतली त्या वर्षी विळा नाल्यात फेकून दिला होता.

"ज्या दारातून मी सुटली, त्याच दारातून तू चालली?" रुख्माबाई म्हणाली.

कोकिळेला वाटलं, बुद्धानं करुणा सांगितली. तिथं दार कशाला पाहायचं? अपमान गिळून ती शेणामुतातून आत गेली.

नलू पांढरीफटक पडली होती. खालचं गोणपाट रक्तानं भिजलं होतं. कोकिळेनं नाळ कापली आणि नलूच्या पोटाकडे हात नेला.

"हां! तिले हात नको लावू," अनुसयाबाई कडाडल्या. "नाळीपुरतं बोलावलं तुले."

"बाई, रक्त थांबून नाई राह्यलं. बैलगाडी जुंपा, आर्वीले दवाखान्यात नेऊ."

"पाचवीच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर? तू कोण वं सांगणारी? तुही माय तं तोंड उघडत नव्हती इथं."

कोकिळेनं तरी हात पुढे केला. दोघी बायांनी तिला धरून गोठ्यात काढलं. नलूनं तिचा पदर धरला होता. "ताई, जाऊ नका नं," एवढंच ती म्हणाली.

दिवेलागणीला नलू गेली. पोरगी जगली. कोकिळेनं वर कळवलं. चौकशीला कोणी आलं नाही. "माय, मागच्या दारानं आलेलीचं कोणी ऐकत नाई," ती रुख्माबाईला म्हणाली.

नलूच्या नवऱ्यानं, प्रभाकररावांनी, दुसरी केली. ही दुसरी, शकुंतला, बाळंतपणात अडली तेव्हा पुन्हा बोलावणं आलं. कोकिळा समोरच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"इथूनच आत येईन. तिले हात लावीन, अन् मी सांगीन ते ऐका लागंल."

आतून शकुंतलेचं ओरडणं येत होतं. कोकिळेचे पाय आपोआप गोठ्याकडे वळत होते. दात आवळून तिनं ते जागीच रोवले.

"तुह्या धर्मात दया नाई का वं?" अनुसयाबाई दारातून म्हणाल्या.

"आहे, बाई. म्हणूनच उभी आहो. नलूच्या वेळेस मागून आलती."

अनुसयाबाईंच्या कडेवर नलूची पोर होती. त्या तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग दारातून बाजूला झाल्या.

शकुंतला वाचली, तिचा मुलगाही. अनुसयाबाईंनी त्याच संध्याकाळी घरभर गोमूत्र शिंपडलं. पण पुढं भावकीतल्या प्रत्येक अडलेल्या बाईसाठी कोकिळेलाच बोलावलं, समोरून. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा सुई टोचायला कोकिळाच जात असे. नलूचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही. रुख्माबाई १९८१ साली वारली.

१९८८ साली कोकिळेची पवनारला बदली झाली. निघायच्या दिवशी नलूची पोर, अन्नपूर्णा, भेटायला आली.

"ताई, माही माय कशानं मेली? घरी कोणी सांगत नाई."

कोकिळेनं सगळं सांगितलं.

"मंग त्या दिवशी समोरचं दार काऊन नाई उघडलं कोणी?"

कोकिळेनं तिला जवळ घेतलं. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम तिचं नव्हतं; ते त्या घराचं होतं.